गुलाबी मेणाचा थेंब

१

कवळ्या बनवणाऱ्या त्या दोन बहिणींच्या घरात भिंतीवर चांगलं मोठं घड्याळ होतं, पण बारकीने कामाच्या वेळी त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. तिला वेळ सांगायची ती रेकॉर्ड. सकाळी दहाला दातांच्या दवाखान्यांतून आलेली मापं ओळीने मांडायची, वाडग्यात प्लास्टर कालवायचं, मापांत ओतायचं, हात धुवायचे आणि सुई ठेवायची. पहिली बाजू अठरा मिनिटांची. एकदा लावली की प्लास्टर गरम होतं, दुसऱ्यांदा लावली की निवतं, आणि संपली की साचा सोडवायला तयार. अठ्ठावीस वर्षांत तिचा एकही साचा मोडला नव्हता, आणि हे ती भेटेल त्याला ऐकवायची.

बारकी चौपन्न वर्षांची होती. या वयात बारकी म्हणवून घ्यायला खरं तर लाज वाटायला हवी, पण नाव ताईने ठेवलेलं, आणि ताईने ठेवलेली वस्तू या घरात जागची हलत नसे. ताई नऊ वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले, मग ताईनेच हिला वाढवलं, धंदा शिकवला आणि दोन खोल्या वाटून दिल्या. पुढच्या खोलीत, बाहेरच्या दाराला लागून ताईचं टेबल. तिथे ती गुलाबी मेणाच्या हिरड्या घडवायची आणि त्यांत एकेक दात बसवायची. मागची खोली बारकीची. तिथे प्लास्टर, घासकाम आणि पॉलिशची मोटर. अकरा ते एक मोटर चालायची आणि ती अशी किंचाळायची की बारकी कानांवर हेडफोनसारखी जाड झाकणं चढवून बसायची. त्या दोन तासांत घरात बॉम्ब पडला असता तरी तिला जेवणाच्या वेळी कळलं असतं.

रेकॉर्ड ब्राझीलची होती. नारिंगी कव्हर, त्यावर एका जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेली सात माणसं, सगळी हसणारी. गाण्यांतला एक शब्द दोघींना कळत नव्हता आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं. गिटारवाला तारा छेडायचा कमी आणि बोटांनी थापट्या मारल्यासारखं करायचा जास्त. गाणारा माणूस दाढी करता करता स्वतःशी बोलावं तसा गायचा, आवाज न चढवता. त्याच्या मागून चार बायका मोकळ्या गळ्याने साथ द्यायच्या. आणि एक वाद्य होतं, ढोलच तो, पण कण्हणारा. कधी वाटायचं कुणी हसतंय, कधी वाटायचं कुणी हुंदका गिळतंय. सगळं गाणं आनंदाने नाचत असायचं आणि हा एक आतून कुरकुरत राहायचा. बारकीचा जीव जडला तो तिथेच. निव्वळ आनंदी गाणी तिला खोटी वाटत, आणि रडकी गाणी ऐकायला वेळ कुणाला होता!

शब्द कळत नसल्यामुळे गाण्यांचे अर्थ तिनेच ठरवून टाकले होते. तिसऱ्या गाण्यात कुणीतरी जिना चढतं. चौथ्यात दार उघडतं आणि घरात एकच कल्लोळ होतो. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत तो माणूस दाराबाहेर उभा राहून दम खातो. हे तिने ताईला कधी सांगितलं नव्हतं. ताईने जेवण होईपर्यंत खिल्ली उडवली असती.

२

रेकॉर्ड दिली होती वायरलेसवाल्याने. मालवाहू बोटीवर वायरलेसचं काम करायचा. पुढचा दात तुटला होता, बोट परवा सुटणार होती आणि दवाखान्यातून दात मिळायला आठवडा लागणार होता, म्हणून तो पत्ता काढत थेट तीन जिने चढून आला. दात मिळाला. बोट काही बिघाडाने तीन महिने बंदरातच अडकली आणि हा रोज येत राहिला.

"एका दातासाठी इतक्या फेऱ्या?" ताई म्हणायची. "बत्तीस बसवले असते तर इथेच बिछाना टाकला असता यानं."

दार तो ठरावीक पद्धतीने वाजवायचा. दोन पटपट, मग जरा थांबून एक. "हे माझं नाव समज," तो बारकीला म्हणाला होता. "जगात कुठेही ऐकलंस तरी मीच."

निघायच्या दिवशी त्याने ही रेकॉर्ड आणली. म्हणाला, पहिली बाजू तू ऐक, दुसरी मी परत आल्यावर, दोघं मिळून. बारकी तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि अशा गोष्टी मनापासून पाळण्याचं ते वय. तिने बर्नर पेटवला, मेण वितळवलं आणि दुसऱ्या बाजूच्या काठावर, जिथे सुई उतरते नेमक्या तिथे, एक थेंब पाडला. मेणाला तिचा हात कधीच वळला नव्हता. थेंब पडला तो तिरका, एका बाजूला शेपटी काढून.

"हे बेडकाचं पिल्लू राखण करणार होय?" तो हसत म्हणाला.

दोन वर्षांत येतो म्हणाला होता. बारकीने पत्रं लिहिली. ती टाकायची ताई, कारण पोस्ट तिच्या बाजारच्या वाटेवर होतं. उत्तर एकाचंही आलं नाही. पाचेक वर्षांनी बारकीने लिहिणं सोडलं. माणसं विसरतात, तिने स्वतःला समजावलं, आणि पहिली बाजू रोज दोनदा लावत राहिली. दुसरी मात्र तिने कधी उलटून पाहिली नाही.

३

त्या महिन्यात प्लेअरची सुई झिजली आणि तिने नवी आणली. दुकानदार सुईचं कौतुक सांगताना थकत नव्हता. "बाई, ही खोल जाते. रेकॉर्डमध्ये असेल नसेल ते सगळं वर काढते."

प्लेअर दोन खोल्यांच्या मधल्या दाराशी, फळीवर असायचा. सोमवारी तिने प्लास्टर ओतलं, हात धुतले, सुई ठेवली. गाणी खरंच धुऊन काढल्यासारखी वाजत होती. गिटारवाल्याच्या नखांचा आवाज येत होता. तिसरं गाणं संपलं, आणि चौथं सुरू व्हायच्या आत दार वाजलं.

बारकी हात पुसत पुढच्या खोलीतून गेली, दार उघडलं. जिन्यावर कोणी नव्हतं. खाली रस्त्यावर कुणी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"काय गं?" ताईने मान वर न करता विचारलं.

"दार वाजलं."

"मी दाराला चिकटून बसलेय. माझे डोळे गेलेत बारके, कान शाबूत आहेत."

दुसऱ्यांदा रेकॉर्ड लावली तेव्हा त्याच जागी, तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याच्या मध्ये, पुन्हा वाजलं. म्हणजे आवाज रेकॉर्डमध्येच आहे! बारकीचा जीव भांड्यात पडला. वाजवणाऱ्यांपैकी कुणी टेबलावर बोटं आपटली असतील आणि जुन्या सुईला ती सापडली नसतील. झालं. तिने साचे सोडवले, कानांवर झाकणं चढवली, मोटर सुरू केली, आणि पहिली कवळी चाकाला लावताना तिचा हात थांबला.

दोन पटपट. मग जरा थांबून एक.

४

मंगळवारी ती प्लेअरच्या डोक्यावरच उभी राहिली. स्वतःला बजावून उभी राहिली, की अठ्ठावीस वर्षं तू या दोन गाण्यांच्या मध्ये एक माणूस दाराबाहेर उभा केलास, मग तो एक दिवस दार वाजवणारच. मनाचे खेळ. तिसरं गाणं संपलं. टकटक, टक. आणि त्याच्यामागे तो ढोल कण्हला, लांबलचक.

पण तिसरं गाणं संपलं होतं, चौथं सुरू झालं नव्हतं. ढोल कुठून आला?

तिने सुई मागे नेली. पुन्हा ऐकलं. टकटक, टक. मग कण्हणं, खालून वर चढत जाणारं, आणि शेवटी खट.

त्या घराचं बाहेरचं दार बरीच वर्षं फुगलेलं होतं. कडी काढली की मूठ धरून वर उचलावं लागे, मग ओढावं लागे. उचलताना बिजागरी कण्हायची आणि सुटताना खट व्हायचं. नव्या माणसाला ते दार उघडता यायचं नाही. पार्सलवाला तर म्हणायचा, मावशी, या दाराला एक कवळी बसवा, तोंड उघडेल तरी नीट.

बारकी गेली, मूठ धरली, दार उचललं, ओढलं. तोच आवाज. कमी नाही, जास्त नाही.

"आता काय?" ताई म्हणाली.

"बिजागरीला तेल घालायला हवं."

"घालूया," ताई म्हणाली आणि गुणगुणत पुन्हा दात बसवू लागली. ताई काम करताना नेहमी गुणगुणायची. तिचंच काहीतरी असायचं, सूर ना ताल, निदान बारकीला तसं वाटायचं.

५

बारकी काही खुळी नव्हती. हाताने काम करणारी बाई होती, आणि वस्तूला वस्तूचं कारण असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने विचार केला. रेकॉर्ड ती केवढी पातळ. नवी सुई खोल जाते. दुसऱ्या बाजूचं काहीतरी इकडे झिरपत असेल. विचार बरोबर होता की नाही देव जाणे, पण त्यामुळे हाताला काम मिळालं. बुधवारी, ताई आंघोळीला गेली असताना, तिने रेकॉर्ड उचलली आणि खिडकीपाशी नेऊन उलटली.

मेणाचा थेंब जागच्या जागी होता. बरं वाटलं तिला. फार बरं वाटलं, इतकं की ती हसली.

मग तिने थेंब उजेडात तिरका धरला. तो गोल होता. काठ सुरीने सारखे केलेले. वरून मेण ज्योतीवर फिरवून गुळगुळीत केलेलं, हिरडीवर करतात तसं, ओलसर चमक येईपर्यंत. शेपटी नव्हती.

असं मेणकाम करणारा हात त्या घरात एकच होता. दवाखान्यांत त्या हाताची ख्याती होती. वाकडं मेण दिसलं की त्या हाताला राहवायचंच नाही. कुणी चोरी करताना बोटांचे ठसे मागे ठेवतं, ताईने सफाई ठेवली होती.

आणि थेंबाच्या पुढे, मधल्या लेबलपर्यंत गेलेल्या रेघा. न वाजवलेली रेकॉर्ड काळीभोर, आरशासारखी असते. ही बाजूही करडी पडली होती.

६

"ताई, हा थेंब कुणाचा?"

ताईने भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवला. केस अजून ओले होते. रेकॉर्डकडे बघितलं, मग बारकीकडे. "मेणाचा."

"माझ्या थेंबाला शेपटी होती."

"वाकडं मेण बघवत नाही मला," ती म्हणाली. "हात गेला."

"म्हणजे ऐकलीस तू."

"गुरुवारी तू कवळ्या पोचवायला जातेस ना, तेव्हा."

"कधीपासून?"

"पहिल्या गुरुवारपासून." हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "अशी काय बघतेस? रोज सकाळी पहिली बाजू माझ्या कानांवर आदळायची, आणि पुढचं ऐकायचं नाही? मी दगड आहे का? मलाही ओढ लागली त्या गाण्यांची. अर्धी तुझी, अर्धी माझी. या घरात सगळं आपण असंच वाटून घेतलं."

"ही वाटायची नव्हती, ताई."

बारकीने लग्न केलं नाही, परका देश पाहिला नाही, स्वतःची म्हणून एक खुर्चीसुद्धा घेतली नाही. एक न ऐकलेली गोष्ट तेवढी जपून ठेवली होती. आणि ती अठ्ठावीस वर्षं, दर गुरुवारी, जिने तिला लहानाचं मोठं केलं तीच चाखत होती, वर पुन्हा झाकण लावून ठेवत होती. पण याच्याही खाली आणखी एक प्रश्न होता. इतकी वर्षं तिने तो स्वतःलासुद्धा विचारला नव्हता.

"ताई, तो आला होता का?"

"कोण?"

"ताई."

ताईने चिमट्यात एक दात उचलला, मेणात टेकवला, काढला, पुन्हा टेकवला. "इतक्या वर्षांनी काय करायचंय तुला?"

"आला होता का, तेवढं सांग. मी काही म्हणणार नाही."

"नाही," ताई म्हणाली. "पार्सलवाल्याशिवाय या दारात कोणी आलेलं नाही."

बारकीने विश्वास ठेवला. म्हणजे ठेवायचं ठरवलं. जिच्या हातचं खाऊन वाढलो तिच्या शब्दावर नाही तर कुणाच्या ठेवायचा? ती मागच्या खोलीत वळली तेव्हा ताई पाठीमागून बोलली, आवाज एकदम वेगळा.

"बारके, दुसरी बाजू लावू नकोस हं. लावलीस तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

७

गुरुवारी ती कवळ्या पोचवायला गेली नाही. सकाळी दहाला मापं ओळीने मांडली आणि प्लास्टर कालवलं नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मापं तशीच वाळत पडली.

तिने नखाने मेणाचा थेंब सोडवला. अख्खा निघाला, एखाद्या लहान बाळाच्या हिरडीसारखा. तो तिने ताईच्या टेबलावर नेऊन ठेवला. ताईने बघितलं आणि ती कामाला लागली. बारकीने दुसरी बाजू वर करून रेकॉर्ड ठेवली आणि सुई सोडली.

पहिलं गाणं तिला पाठ होतं.

चाल, वळण, मधला तो थबकणारा भाग, सगळं. दात बसवता बसवता ताई आयुष्यभर जे गुणगुणत आली ते हेच होतं. बारकीने ते स्वयंपाक करताना ऐकलं होतं, तापात पडलेली असताना उशाशी ऐकलं होतं, त्या सुरावर तिला झोप लागली होती. वायरलेसवाल्याबरोबर पहिल्यांदा ऐकायचं गाणं तिला भरवून भरवून शिळं करून ठेवलेलं होतं.

गाणं संपलं. शांतता. टकटक, टक.

बिजागरी कण्हली, खट झालं, आणि एक तरुण, जिना चढून धापा टाकणारा आवाज म्हणाला, "बारकी आहे?"

"नाही," ताई म्हणाली. पस्तिशीतली ताई, खणखणीत. "बाहेर गेलीय."

त्या दोघांच्या मागे, भिंतीपलीकडे, बारीक किंचाळणारा एक आवाज होता. बारकीने तो लगेच ओळखला. तिची मोटर होती ती. ती घरातच होती. दहा पावलांवर, कानांवर झाकणं लावून, कुणाची तरी कवळी चमकवत बसली होती.

दुसरं गाणं वाजलं आणि तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती पुढच्या शांततेची वाट बघत होती.

"बारकी आहे?" आवाज तोच, जरा जड झालेला.

"लग्न ठरलंय तिचं. आता येत जाऊ नकोस." मागे मोटर.

तिसऱ्या गाण्यानंतर: "मी पत्रं टाकली होती. मिळाली का तिला?" आणि ताई: "ती इथे राहत नाही." मागे मोटर.

चौथ्यानंतर आधी नुसता खोकला आला. जिन्याने दमलेल्या म्हाताऱ्या माणसाचा. बराच वेळ तो दाराशी उभा होता. मग त्याने विचारलं, आणि ताईने, आताच्या ताईच्या आवाजात, सांगितलं, "ती गेली रे."

"कधी?"

"झाली बरीच वर्षं."

बारकीने वळून पाहिलं. ताई टेबलाशी बसून दात बसवत होती, मान खाली, हात स्थिर. तिचे ओठ हलत होते. झाली बरीच वर्षं, असं ओठांनी म्हणून ती पुढच्या गाण्याचा पहिला सूर गुणगुणू लागली, रेकॉर्डच्या एक क्षण आधी.

८

"का गं?" बारकीने विचारलं. "ताई, का?"

ताईने ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणजे ऐकून सोडून दिलं असं नव्हे. तिची मानसुद्धा वळली नाही.

शेवटचं गाणं सगळ्यांत गोड होतं. चार बायका एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि तो ढोल त्यांच्यामध्ये हसत होता की रडत होता, कोण जाणे. बारकी प्लेअरपाशी उभी होती. तिला वाटलं, पुढे व्हावं, ताईच्या हातातला चिमटा काढून घ्यावा, तिला गदागदा हलवावं. पाय उचलला तरी अंतर कमी होईना. डोकं फिरलंय माझं, ती मनाशी म्हणाली, काल जेवले नाही म्हणून चक्कर आली असेल.

तेवढ्यात दार वाजलं. गाणं चालू असताना. रेकॉर्डमधून नाही, दारातून. आवाज कुठून येतो हे बाईला स्वतःच्या घरात कळतं.

दोन पटपट. मग जरा थांबून एक.

ताईने चष्मा काढला, हात पुसले, उठली. कडी काढली, मूठ धरून दार उचललं आणि फटीएवढंच उघडलं. बारकीला ताईची पाठ दिसली, आणि चौकटीवर टेकलेला एक हात. डाग पडलेला, शिरा वर आलेला, एक बोट वाजवायला वाकवलेलं ते तसंच राहिलेलं.

"मी इथे आहे!" बारकी ओरडली. "ताई, बाजूला हो! अहो, मी आहे इथे!"

ती जीव खाऊन ओरडली आणि तिला तिचा आवाज ऐकू आला. तो फळीवरच्या स्पीकरमधून आला. लांबून, किंचित खरखरत, त्या चार बायकांच्या मागून, अगदी तालात.

दारातला हात थबकला. "आत कोणी आहे का?" म्हाताऱ्या आवाजाने विचारलं. "आवाज ओळखीचा वाटला."

"आत कोणी नाही," ताई म्हणाली. "रेकॉर्ड लागलीय. जुनी आहे."

"हो का," तो म्हणाला. थोडा वेळ तो ऐकत उभा राहिला. बारकी ओरडत होती, आणि तो ऐकत होता. मग म्हणाला, "छान आहे."

त्याची पावलं जिना उतरू लागली, एकेक पायरी थांबत. ताईने दार उचलून लोटलं. खट. ती प्लेअरकडे आली. मोटरपाशी खुर्चीवर पडलेली कानांची झाकणं तिने उचलून खुंटीला टांगली, वाळलेल्या मापांकडे बघून चुकचुकली, आणि डोळे पुसले. रडत होती ती, खोटं नव्हे.

"सांगितलं होतं गं तुला," ती फिरत्या रेकॉर्डला म्हणाली आणि सुई उचलली.

बारकीचा आवाज मध्येच तुटला. मग बर्नर पेटल्याचा आवाज आला, आणि मेण वितळायचा ओळखीचा वास. काठ सारखे करायला ताई नेहमीच वेळ घ्यायची.